दोन टीमची लीग? कुणीतरी नीट समजावून सांगा

कारेलीबागची ताई (रविवार, ऑक्टोबर २०२५, सकाळी ११:२०)

नमस्कार मंडळी. प्रश्न बडोद्याबाहेरचा आहे, चांगला साडेबारा तास बाहेरचा. पण इथे सगळ्या विषयांवर बोलणारे लोक आहेत म्हणून विचारते.

माझी धाकटी लेक अमेरिकेत पुलमनला असते, वॉशिंग्टन राज्यात. गव्हाच्या वाणांवर पीएचडी करते. वॉशिंग्टन म्हटलं की लोक राजधानी धरतात. ही ती नव्हे, ही देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि त्यातही सिएटलहून पाचेक तास गाडीने आत. चारी बाजूंनी गव्हाच्या टेकड्या. गावाची वस्ती तीस-बत्तीस हजार आणि तिच्या युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममध्ये बसायची जागाही जवळजवळ तेवढीच. म्हणजे सगळा गाव उठून आत गेला तर बाहेर फक्त कुत्री उरतील. आपल्या एकट्या कारेलीबागेत याहून जास्त माणसं असतील.

ती २०२२ च्या पावसाळ्यात गेली. पहिल्याच वर्षी एका सामन्याला तिने फोन टीव्हीसमोर टेकवून ठेवला, "आई, हे बघ." तिथे शनिवारची रात्र, इथे रविवारी सकाळचे आठ. हे फाफडा-जलेबी घेऊन आले होते. मी म्हटलं, बघू या पाच मिनिटं. आता तीन वर्षं झाली. चार प्रयत्नांत दहा यार्ड, हे मला पाठ आहे. पोळ्यांच्या कणकेचे हात तसेच ठेवून मी "अगं धर, धर!" ओरडलेली आहे. हे मात्र अजून विचारतात, "हे रग्बी ना?"

तर गोंधळ असा. ती गेली तेव्हा त्यांच्या लीगचं नाव पॅक-१२ होतं आणि संघ खरंच बारा होते. आज नाव पॅक-१२ च आहे आणि संघ दोन! तिची वॉशिंग्टन स्टेट आणि शेजारच्या राज्यातली ओरेगन स्टेट. येत्या १ नोव्हेंबरला हे दोघे एकमेकांशी खेळणार, आणि २९ नोव्हेंबरला पुन्हा हेच दोघे. सोसायटीच्या कमिटीत दोनच सभासद उरावेत आणि त्यांनी आळीपाळीने चेअरमन व्हावं, तसं वाटतं मला.

लेकीला विचारलं तर म्हणाली, "टीव्हीमुळे." म्हटलं टीव्हीमुळे म्हणजे काय, तर "आई, ते फार मोठं आहे, नंतर सांगते." तीन वर्षांत तो नंतर आलेला नाही.

मी शाळेत गणित शिकवलं आहे, आकड्यांना घाबरत नाही. मला एवढंच कळत नाही की संघ वाईट नाही. गेल्या वर्षी सप्टेंबरात यांनी सिएटलच्या मोठ्या युनिव्हर्सिटीला २४-१९ असं हरवलं, अगदी शेवटच्या क्षणी रेषेवर अडवून. परवा ओल मिससारख्या बड्या संघाकडे जाऊन फक्त २४-२१ ने हरले. मग सिएटलवाल्यांना उचलून नेलं आणि यांना का ठेवलं? आणि "लोक बघत नाहीत" असं म्हणतात ते मोजतं कोण?

---

केबलवाले काका (रविवार, दुपारी १:०५)

ताई, तुमचा प्रश्न बघून जेवण अर्धं टाकून बसलो आहे. मी वाडीत १९९३ पासून केबल चालवली, तीन वर्षांपूर्वी धंदा सोडला. फुटबॉलचं मला काही कळत नाही. पण तुम्ही विचारलेली गोष्ट फुटबॉलची नाहीच, ती केबलची आहे.

लेकीने बरोबर सांगितलं, पण अर्धं. टीव्हीमुळे ही फुटाफूट दोनदा झाली आणि दोन्ही वेळा कारण वेगळं होतं. पहिल्यांदा घरं मोजली, दुसऱ्यांदा डोळे.

आधी थोडं मागचं. १९८४ पर्यंत तिथे कॉलेजच्या सामन्यांचे टीव्हीचे हक्क एकाच मध्यवर्ती संस्थेच्या हातात होते, एनसीएए. कोण किती वेळा टीव्हीवर दिसणार हे तीच ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या दोन युनिव्हर्सिट्या कोर्टात गेल्या आणि सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला की ही मक्तेदारी बेकायदा आहे. विरोधात लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः तरुणपणी कॉलेज फुटबॉलचे गाजलेले खेळाडू होते. त्या निकालानंतर ज्याचा माल त्याने विकावा असं झालं. एकटीने विकण्यापेक्षा टोळीने विकलं तर भाव चांगला येतो, म्हणून लीगला महत्त्व आलं.

आता घरांची गोष्ट. २००७ साली बिग टेन नावाच्या लीगने स्वतःचं चॅनल काढलं, फॉक्स या मोठ्या टीव्ही कंपनीच्या भागीदारीत. अशा चॅनलचे पैसे कसे मिळतात ते मला विचारा. केबलवाला दर महिन्याला घरामागे चॅनलला रक्कम देतो, ते घर चॅनल बघो वा न बघो. माझ्याकडे बाराशे कनेक्शन होती. स्पोर्ट्सचं महागडं चॅनल मनापासून बघणारी घरं असतील दीडशे. पण पॅकेजमध्ये ते असायचंच, म्हणून वसुली बाराशे घरांकडून. (कागदावर किती घरं दाखवायची हा वेगळा विषय आहे आणि तो इथे नको.) तिकडे त्यात आणखी एक मेख होती. ज्या राज्यात लीगचा संघ आहे तिथे घरामागे दर जास्त, बाहेर नाममात्र.

मग तुम्हीच गणित करा. जिथे घरं जास्त तिथला एक संघ आत घ्यायचा. तो जिंकतो का, त्याचं गावात कुणी नाव काढतं का, याच्याशी देणंघेणं नाही. २०१४ साली बिग टेनने न्यू जर्सीची रटगर्स आणि मेरीलँड घेतल्या, म्हणजे न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या (ही राजधानीवाली) आसपासची घरं घेतली. माझा भाऊ न्यू जर्सीतच एडिसनला राहतो, रटगर्सपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. २०१५ ला मी त्याच्याकडे गेलो होतो. सवयीने त्याचा रिमोट हातात घेऊन एकेक नंबर लावत गेलो, तर ते चॅनल हजर. भावाला विचारलं हे काय आहे. म्हणाला, "माहीत नाही, असतं ते." त्याने आजतागायत एकही सामना बघितलेला नाही. पण रटगर्सला आत घेतलं ते त्याच्यासारख्यांसाठीच! न बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखं चांगलं गिऱ्हाईक नाही, तक्रारीला फोनसुद्धा करत नाही.

तुमच्या पॅक-१२ ने हेच २०१२ ला केलं, पण एकट्याने. चॅनल पूर्ण स्वतःच्या मालकीचं, एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक, मिळून सात. वर कुणी भागीदार नको, सगळा नफा आपला. ऐकायला छान. पण भागीदार फक्त नफ्यात वाटेकरी नसतो, तो दारं उघडून देतो. फॉक्स केबलवाल्याला सांगू शकतं की हे चॅनल घे, नाहीतर माझी बाकीची चॅनलं विसर. पॅक-१२ कडे असं सांगायला दुसरं काही नव्हतंच. डायरेक्टीव्ही ही तिथली मोठी डिशवाली कंपनी, तिच्यावर ते चॅनल शेवटपर्यंत गेलं नाही. चॅनल काढणं सोपं असतं ताई, पोचवणं अवघड.

आणि मग लोकांनी केबल कापायला सुरुवात केली. २०११ च्या सुमारास ईएसपीएन हे खेळांचं चॅनल दहा कोटी घरांत होतं, तिथून उतरंड लागली. इथे माझं तेच झालं, पोरं म्हणाली काका, वायफाय आहे, केबल काढा. घरं गळू लागली की न बघणाऱ्यांच्या जिवावर धंदा चालत नाही. मग पहिल्यांदाच प्रश्न आला की खरोखर बघतं कोण.

इथून दुसरी फुटाफूट. २०२१ च्या जुलैत टेक्सास आणि ओक्लाहोमाने आपली लीग सोडून एसईसी या दुसऱ्या बड्या लीगमध्ये जायचं जाहीर केलं. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या दोघी, यूएससी आणि यूसीएलए, पॅक-१२ सोडून बिग टेनमध्ये निघाल्या. पाठोपाठ बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी तिघांशी सात वर्षांचा करार केला, सातेक अब्ज डॉलरचा. पॅक-१२ उरलेल्यांना घेऊन वर्षभर गिऱ्हाईक शोधत बसली. शेवटी हातात आला अ‍ॅपलचा प्रस्ताव, त्यात वर्गणीदार जितके वाढतील तितका पैसा वाढणार. ४ ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात पाच जणी गेल्या. वॉशिंग्टन (तुमची ती सिएटलवाली) आणि ओरेगन बिग टेनकडे, तेही अर्ध्याच्या आसपास वाटा घेऊन. अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ या आणखी एका लीगकडे. कोलोरॅडो आधीच निघाली होती. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलेची कॅल या दोघी एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या लीगमध्ये गेल्या. त्या लीगच्या नावातच अटलांटिक किनारा आहे आणि या बसल्या आहेत पॅसिफिकवर! डॅलसची एसएमयू तर नऊ वर्षं टीव्हीचा वाटा न घेता त्याच एसीसीत गेली. आमच्याकडे नवं चॅनल यायचं तेव्हा उलट आम्हालाच कॅरेज फी, म्हणजे दाखवण्याचे पैसे, द्यायचं, तसाच हा प्रकार.

राहिल्या दोन. ओरेगनचं युजीन गावही काही मोठं नाही, म्हणजे यावेळी घरं मोजली नव्हती. ओरेगनच्या सामन्याला देशभर लोक बसतात. सिएटलकडे घरंही आणि डोळेही. पुलमनकडे घरं नाहीत, आणि डोळे किती, तर...

इथे माझं खरं म्हणणं आहे. डोळे संघाचे नसतात, जागेचे असतात.

अ‍ॅनालॉगच्या काळात केबलवर चॅनलांच्या जागा ठरलेल्या, चांगलीपासून वाईटापर्यंत प्राइम बँड, एस बँड, हायपर बँड असायचे. जुन्या टीव्हीत एस बँडसुद्धा लागत नसे, हायपरचं तर नावच नको. एकदा वरून आदेश आला म्हणून मी एक भक्ती चॅनल प्राइमवरून हायपरला टाकलं, कारण त्या जागेचे पैसे दुसऱ्याने भरले होते. पहिले आठ दिवस वाडीतल्या सगळ्या आज्यांनी माझा उद्धार केला. दोन आठवड्यांनी फोन बंद. महिन्याने चॅनलचा माणूस येऊन विचारतो, "तुमच्या एरियात आमचे प्रेक्षक कसे काय कमी झाले?" चॅनल तेच, महाराज तेच, प्रवचन तेच. जागा गेली.

आता तुमच्या रविवारच्या आठ वाजताकडे बघा. तुमचे आठ म्हणजे पुलमनचे शनिवारी रात्रीचे साडेसात, आणि न्यूयॉर्कचे साडेदहा. अर्धी अमेरिका झोपायला निघालेली. त्यात सामना त्यांच्याच सात चॅनलांपैकी एकावर, जे निम्म्यांकडे दिसत नाही. वर्षानुवर्षं असं हायपर बँडवर ठेवायचं आणि मग विचारायचं, तुम्हाला बघतं कोण?

---

नील_टेम्पी (रविवार, रात्री १०:४५)

काका, भक्ती चॅनल वाचून लायब्ररीत जोरात हसलो. पण शेवटच्या मुद्द्याला विरोध.

मी मांजलपूरचा, अ‍ॅरिझोना स्टेटला मास्टर्स करतोय. १६ सप्टेंबर २०२३ ला कोलोरॅडो विरुद्ध कोलोरॅडो स्टेट हा सामना ईएसपीएनवर होता. न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्री दहा वाजून गेल्यावर सुरू झाला, दोन जादा डाव गेले, ४३-३५ असा संपला तेव्हा तिथे दोन उलटून गेले होते. म्हणजे तुमची हायपर बँडची वेळ. सरासरी प्रेक्षक ९३ लाख! कोलोरॅडो आदल्या वर्षी बारापैकी एक सामना जिंकली होती. बदललं काय? डिऑन सँडर्स, एकेकाळचा मोठा स्टार खेळाडू, कोच म्हणून आला. एक माणूस काळा चष्मा लावून आला आणि लोक जागे राहिले. तेव्हा डोळे जागेचेच असतात असं नाही.

आणि ताई, तुम्हाला वाईट वाटेल पण आमच्यासाठी हे स्थलांतर बरंच झालं. २०२४ ला आम्ही बिग १२ मध्ये पहिल्याच वर्षी गेलो आणि लीग जिंकली. मोसमाआधी आम्हाला तळात धरलं होतं. मग पीच बोल या मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यात टेक्सासशी दोन जादा डावांपर्यंत खेळलो, ३९-३१ ने हरलो. माझ्या रूमवरचे चार तेलुगू, एक नेपाळी आणि मी, कुणालाच त्याआधी खेळ कळत नव्हता, आणि शेवटी सगळे जमिनीवर बसलेले.

फक्त एक सांगतो, फुटबॉलवाले आठवड्यातून एकदा विमानात बसतात. व्हॉलीबॉल, सॉकरच्या मुली त्याच लीगमध्ये आहेत. माझ्या लॅबमधली एक सॉकर खेळते. ती परतीच्या विमानात असाइनमेंट लिहिते आणि सोमवारी माझ्या शेजारी बसून झोपते. पैसा फुटबॉलचा, जागरण तिचं.

---

मीन-मीडियन-मोड (सोमवार, सकाळी ७:१०)

निवृत्त प्राध्यापक, संख्याशास्त्र. ताईंनी "मोजतं कोण" विचारलं आणि त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

मोजणारी कंपनी नील्सन. आपल्याकडे टीआरपी मोजणारी बार्क जे करते तेच: निवडक घरांत मीटर, त्यावरून देशाचा अंदाज. नील यांनी "सरासरी" शब्द वापरला तो महत्त्वाचा. ९३ लाख म्हणजे ९३ लाख लोकांनी कधीतरी चॅनल लावलं असं नव्हे. सामन्याच्या कोणत्याही मिनिटाला सरासरी तेवढे लोक बघत होते. दोन जादा डाव झाले की ही सरासरी कुठे जाते हा परीक्षेत घालण्यासारखा प्रश्न आहे.

दुसरं, फूटपट्टी बदलते आहे. २०२० पासून नील्सनने घराबाहेरचे प्रेक्षक, म्हणजे बार, हॉटेलं, दुसऱ्याच्या घरी बसलेले, मुख्य आकड्यात धरायला सुरुवात केली. या वर्षीच्या फेब्रुवारीत तो हिशेब देशभर लागू केला. आणि सप्टेंबरपासून मीटरच्या घरांना सेट-टॉप बॉक्स आणि स्मार्ट टीव्हींतून येणारी माहिती जोडली. तेव्हा यंदा "विक्रमी प्रेक्षक" अशी बातमी दिसली की आधी विचारावं, माणसं वाढली की माप वाढलं? मी विद्यार्थ्यांना सांगायचो, वजन घटवायचं असेल तर सगळ्यात सोपा उपाय काटा बदलणे.

आता काका आणि नील यांचा वाद. मला एक जोडी सापडते जिथे जागा स्थिर आहे. मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट. २०२३ आणि २०२४, दोन्ही वेळा फॉक्स, दोन्ही वेळा दुपारी बारा, दोन्ही वेळा नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. २०२३ ला १ कोटी ९० लाख. २०२४ ला १ कोटी २३ लाख. पहिल्या वर्षी दोघेही अपराजित होते, दुसऱ्या वर्षी मिशिगन पाच सामने हरून आली होती. म्हणजे जागा तीच ठेवूनही एकतृतीयांश प्रेक्षक फक्त "आज काय पणाला लागलंय" यावर गेले. काकांचा सिद्धांत खोटा नाही, अपुरा आहे. पण दुसऱ्या बाजूने, हा सामना हायपर बँडवर कुणी कधी टाकून बघितलेला नाही, त्यामुळे उलटा प्रयोग आपल्याकडे नाही.

आणि हे केवळ वादापुरतं नाही. एसीसीने फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनबरोबरचे खटले मार्चमध्ये मिटवले तेव्हा ठरलं की टीव्हीच्या पैशातला ४० टक्के भाग सर्वांना समान, आणि ६० टक्के पाच वर्षांच्या सरासरी प्रेक्षकसंख्येनुसार. म्हणजे ज्याला मोठं चॅनल आणि चांगली वेळ, त्याचे प्रेक्षक जास्त, म्हणून पैसा जास्त, म्हणून खेळाडू चांगले, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा मोठं चॅनल. पाच वर्षांची सरासरी घेतल्याने एखाद्या वर्षीचा योगायोग पुसला जातो, हे चांगलं. पण या चक्रात मागे पडलेला पाच वर्षं मागेच राहतो. वर्गात पुढच्या बाकावरच्यांनाच प्रश्न विचारायचे आणि मग हुशारीही तिथेच आढळते, तसं.

---

होळकरी (सोमवार, दुपारी ४:३०)

इंदूरहून. तुमच्या बडोद्याच्या गप्पांत शिरतो, भिया लोक माफ करा.

लीग मोडण्याचं आम्हाला सांगू नका. होळकरांचा संघ, सी. के. नायडूंचा, चार वेळा रणजी जिंकला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३. पहिल्या वेळी अंतिम सामन्यात हरवलं कुणाला? बडोद्याला. पुढच्याच वर्षी तुम्ही उट्टं काढलंत, हजारे आणि गुल महंमद यांची ५७७ ची भागी, आमच्या गोलंदाजांचे खांदे त्या भागीत गेले असतील. माझे आजोबा तो आकडा उच्चारायचे नाहीत, "ते पाचशे वगैरे" म्हणायचे. आणि मग पन्नासच्या दशकाच्या मध्यात होळकर संघच संपला. प्रेक्षक कमी म्हणून नव्हे, कुणी हरवलं म्हणूनही नव्हे, संस्थानच उरलं नव्हतं. आमची माणसं एका सकाळी मध्य भारत झाली, मग मध्य प्रदेश. पुन्हा रणजी हातात आली २०२१-२२ ला, मुंबईला हरवून. मधली जवळजवळ सत्तर वर्षं मोजा.

तुमचंही २००२ नंतर विभाग मोडले तेव्हा दरवर्षीची मुंबई-बडोदा गाठ गेलीच की. पश्चिम विभाग म्हणजे मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र, ठरलेलं होतं. त्याबद्दल मोतीबागेवर कुणी मोर्चा काढला होता का?

ताई, तुमच्या लेकीच्या दोन टीमनी नाव तरी सोडलं नाही. तेवढं आमच्याकडून झालं नाही.

---

केबलवाले काका (सोमवार, रात्री ९:१५)

सरांचा मिशिगनचा दाखला मान्य. नीलचा काळ्या चष्म्याचाही मान्य. माझ्याकडेही असं एकदा झालं होतं. एक पौराणिक मालिका, रविवारी सकाळी, कुठेही टाका, लोक शोधून लावायचे. पण नील, अशी माणसं किती असतात? बाराशे घरांत तीस वर्षांत मला एकच आठवते. बाकीच्यांना जागाच लागते.

होळकरी भाऊ, मोर्चा नाही काढला, खरं आहे. मी स्वतः त्या वर्षी वन-डे बघत होतो.

ताई, एक राहिलं. तुमच्या दोघींनी नुसतं नाव नाही ठेवलं, तिजोरीपण ठेवली. जाणाऱ्या दहा जणी म्हणत होत्या की आम्हीही कमिटीत बसणार, पैशाचा निर्णय सगळे मिळून घेऊ. या दोघी कोर्टात गेल्या, तुमच्या लेकीच्याच जिल्ह्यातल्या. न्यायाधीशांनी २०२३ च्या नोव्हेंबरात कमिटी या दोघींच्या हातात दिली, वरच्या कोर्टानेही डिसेंबरात हात घातला नाही. त्या जोरावर दोन वर्षं काढली. १ जुलै २०२६ पासून बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सास स्टेट येतात, म्हणजे फुटबॉलचे आठ संघ. बास्केटबॉलसाठी गोंझागा. आणि काही सामने सीबीएसवर. सीबीएस म्हणजे प्राइम बँड, ताई.

---

कारेलीबागची ताई (मंगळवार, सकाळी ९:५०)

सगळ्यांचे आभार. काल लेकीला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. पहिल्यांदा गप्प, मग म्हणाली, "आई, एवढं तुला कुणी सांगितलं?" म्हटलं वाडीतल्या केबलवाल्यांनी. तिला खरं वाटत नाही.

काकांच्या भक्ती चॅनलवर ती म्हणाली की एक गोष्ट त्यांना सांग. ईएसपीएनवर दर शनिवारी सकाळी एक कार्यक्रम असतो, वेगवेगळ्या युनिव्हर्सिटीच्या मैदानाबाहेरून, मागे पोरांची गर्दी पाट्या घेऊन उभी. त्या गर्दीत २००३ सालापासून दर शनिवारी वॉशिंग्टन स्टेटचा एक किरमिजी झेंडा हलत असतो. कार्यक्रम फ्लोरिडात असो की ओहायोत, यांचा सामना तिथे असो वा नसो. माजी विद्यार्थी झेंडा एकमेकांना पाठवतात आणि कुणीतरी पहाटे जाऊन उभं राहतं. म्हणजे टीव्हीने संघाला बाहेर ठेवलं आणि झेंडा टीव्हीवर दर आठवड्याला आहेच. मी या शनिवारी बघितलं, आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला लागतो तो. यांना सांगितलं, तो बघा मागे. हे म्हणाले, "कुठला? सगळेच हलवतायत." तेवढ्यात कॅमेरा हलला, मग दिसला. कोपऱ्यात, पण दिसला.

सर, ६० टक्क्यांचं कोष्टक मी फळ्यावर मांडल्यासारखं वहीत करून बघितलं. तीन संघ धरले, दर वर्षी पैशावरून पुढच्या वर्षीचे प्रेक्षक. चौथ्या वर्षी तिसऱ्याचा आकडा बघून वही मिटली.

नील, त्या सॉकरवाल्या मुलीला फराळाचा डबा दे माझ्या वतीने. तुझा पत्ता मला वेगळा कळव, इथे नको. पुलमनचं पार्सल कालच गेलं, चकल्या मोडतील हे धरूनच पाठवल्यात.

एक शेवटचं विचारते. २९ तारखेचा सामना पुलमनलाच आहे, लेक स्टेडियमवर जाणार म्हणतेय, मग फोन टीव्हीसमोर कोण ठेवणार तो प्रश्न आहेच. पण वेळेचं काय? नोव्हेंबरात त्यांची घड्याळं बदलतात ना?

---

केबलवाले काका (मंगळवार, सकाळी १०:०५)

हो. २ नोव्हेंबरला ते घड्याळ तासभर मागे घेतात, म्हणून तिथले साडेसात म्हणजे आपले नऊ होणार. १ तारखेचा सामना जुन्याच हिशेबाने, २९ चा नव्या. फाफडा तासभर उशिरा आणायला सांगा, नाहीतर गार होईल.

आणि फोन ठेवायला कुणी नसेल तर मला कळवा. मुलाच्या ऑफिसात मोठा टीव्ही आहे, रविवारी रिकामाच असतो. मला नियम समजावून सांगायच्या अटीवर.